बाकी आईची

केदारी मास्तर निवृत्त झाले तेव्हा लोणावळ्यात त्यांचा सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला, मग भाषणं सुरू झाली. जो उठेल तो तीच एक गोष्ट सांगत होता, की मास्तरांनी आपल्या पोरांना घरच्या घरी भाकरीवर अपूर्णांक शिकवले. खडू नको, फळा नको, दुरडीतली भाकरी घ्यायची, मोडायची आणि अर्धा, पाव, अष्टमांश डोळ्यांसमोर उभा करायचा. काय ती कल्पकता, काय तो त्याग! त्यात त्याग कुणाचा होता ते एकालाही ठाऊक नव्हतं. भाकरी आभाळातून पडते असंच त्या सगळ्यांना वाटत असावं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मास्तरांची बायको बसली होती, सावित्रा. तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं, नाहीतर मी उठून बोलले असते. माझी जीभ कशी आहे ते भांगरवाडीला माहीत आहे.

तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. ही हकिकत मास्तरांची नाही. सावित्राची आहे.

भांगरवाडीत आमची आणि केदाऱ्यांची खोली एकाला एक लागून होती. मधली भिंत आढ्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. वर हातभर मोकळी जागा, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. माझे मालक रेल्वेत पॉइंट्समन, पाळीप्रमाणे घरात किंवा स्टेशनात. मी घरी शिलाई करायचे आणि माझं मशीन त्याच भिंतीला लागून होतं. कुणाचं चोरून ऐकायची मला सवय नाही, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

सावित्रा पवन मावळातली. उंच, हाडापेराने मोठी, हात असे की तिची भाकरी तव्याच्या कडेला जाऊन टेकायची. तिला अक्षर येत नव्हतं. हसायची मोकळी, चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. मास्तरांना ते आवडायचं नाही. तिचं बोलणंही त्यांना आवडायचं नाही. ते स्वतः वडगावच्या अलीकडच्या खेड्यातले, पण ट्रेनिंग करून आले तेव्हापासून त्यांची जीभ पुण्याची झाली होती. "न्हाई नव्हे, नाही म्हण," असं ते तिला दिवसातून कितीदा सांगायचे. ती म्हणायची, "न्हाई म्हनत, जावा."

मास्तर दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. दारू नाही, विडी नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. हे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात, जणू बायकोला न मारणं हा एखादा गळ्यात घालायचा बिल्ला आहे. शिकवायचा मात्र त्यांना नाद होता. घरी तीन पोरं. थोरला गोरख, मधली येसू, धाकटा विठ्ठल. पाट मांडले की शाळा भरली. मास्तर भिंतीला टेकून बसायचे, समोर तिघं, मधे भाकऱ्यांची दुरडी. सावित्रा आत चुलीपाशी. पोरं आणि पुरुष आधी, बाई मागून, ही रीत घरोघर होती, आमच्याकडेही होती. माझी तक्रार त्या रीतीबद्दल आहेच, पण ती वेगळी. ही त्याच्याही पुढची आहे.

गोरख तिसरीत होता तेव्हा दुरडीवर भागाकार चालायचा.

"भाकऱ्या पाच, माणसं चार. प्रत्येकाला किती?"

"एक."

"बाकी?"

"एक," पोरं ओरडायची आणि पाठोपाठ तिघांचा सूर लागायचा, "बाकी आईची!"

मग दुरडी आत जायची आणि त्यात जे उरलं असेल ते सावित्राचं. तिला हे गणित फार आवडायचं. पाच केल्या की एक उरते, सहा केल्या की दोन, सात केल्या की तीन, हे तिच्या पक्कं लक्षात आलं होतं. चाराच्या पाढ्यातला आकडा ती दुरडीत येऊच द्यायची नाही. मला म्हणाली होती, "आट केल्या तर मी मेले बगा, रतनबाई. आट लय वंगाळ." बाकी दोन-तीन आली की ती एकटी खायची असंही नाही. पोरं हळूच आत सरकायची आणि ती आपल्या वाट्यातली चतकोर याला, नितकोर त्याला द्यायची. चतकोर म्हणजे भाकरीचा चौथा भाग आणि चतकोर मोडली की नितकोर, हे कुठल्याही घरातल्या पोराला दात यायच्या आधी कळतं. पण ते मास्तरांच्या हिशेबी शिक्षण नव्हतं.

पुढल्या वर्षी गोरख चौथीत गेला, येसू तिसरीत. तिसरी-चौथीचा वर्ग मास्तरांकडेच होता. सहामाहीला येसूला पाटीवर गणित आलं की तेरा पेढे चार मुलांना वाटले, तर भाग किती आणि बाकी किती. पोरीने लिहिलं, भाग तीन, बाकी आईची.

मास्तरांनी फुली मारली. मारली ती मारली, वर शिक्षकांच्या खोलीत ते सांगून सगळ्यांना हसवलं आणि संध्याकाळी ओट्यावर आम्हालाही. सगळी चाळ हसली. मला हसू आलं नाही. सावित्रा मात्र हसली, पण तिचं हसणं निराळं होतं. म्हणाली, "बरूबर लिवलंय पोरीनं. चुकलंय काय त्यात?"

तेव्हा चुकलं होतं ते येसूचं नव्हतंच, घरातलं होतं. कारण त्याच जूनपासून घरात बाकी उरायची बंद झाली होती.

गोरख चौथीत, चौथीत अपूर्णांक. पहिल्याच दिवशी मास्तरांचा आवाज भिंतीवरून आला, "आजपासून आपण पुढे जाणार. अपूर्णांकात बाकी उरत नाही. हीच तर त्याची गंमत आहे! पाच भाकऱ्या, माणसं चार. प्रत्येकी एक, आणि उरलेल्या एकीचे करा चार भाग. म्हणजे प्रत्येकाला?"

"सव्वा," गोरख म्हणाला.

"शाबास. बाकी?"

"शून्य."

मी मशीन थांबवलं. शून्य म्हणजे काय ते माझ्या लक्षात आलं, मास्तरांच्या आलं नाही. थोड्या वेळाने दुरडी आत गेली ती रिकामी. सावित्रा दारात आली, हसतच होती. म्हणाली, "रतनबाई, आज बाकी पोरांनीच खाल्ली." तिला वाटलं, एका दिवसाचं आहे.

एका दिवसाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सहा केल्या. दीड-दीड झाल्या. सात केल्या, पावणेदोन झाल्या. आकडा कुठलाही असो, मास्तरांचा सुरा बरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचायचा. ते वर्षच असं होतं की आणखी दोन थाप म्हणायची सोय नव्हती. पासष्ट साल. पाऊस दगा देऊन गेलेला, रेशनला रांग, आणि रांगेच्या शेवटी मिळायची ती अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला कितीही उकड काढा, थापताना चिरतेच. सावित्राच्या भावाकडे पवन मावळात भात होतं, पण त्याचीही सरकारला लेव्ही जायची आणि उरेल त्यावर त्याचंच घर चालायचं. मोजून पीठ, मोजून भाकऱ्या.

"आधीच एक काढून का ठेवत नाहीस?" मी तिला विचारलं.

"चोरून? माज्याच घरात?" ती म्हणाली. आणि चोरून जमलंही नसतं, कारण मास्तरांचा नियम होता की थापलेल्या सगळ्या भाकऱ्या आधी दुरडीत आल्या पाहिजेत. पूर्ण किती हे ठरल्याशिवाय भाग कसा पाडायचा, असं ते म्हणायचे. तत्त्व म्हणून ते खरंही असेल. पण त्या पूर्णामध्ये स्वयंपाक करणारी धरायची राहिली, हे चार भिंतींच्या खोलीत, दोन हातांवर बसलेल्या माणसाला दिसू नये? तिच्या बांगड्यांचा आवाज तरी ऐकू येत असेल की नाही?

सावित्रा काय खायची ते मी सांगते. भाताच्या दिवशी पेज आणि भांड्याच्या तळाची खरवड. भाकरीच्या दिवशी पोरांच्या ताटातले करपलेले काठ, चटणी आणि वर तांब्याभर पाणी. पोरांनाही आता आत सरकून काही मिळेना, कारण द्यायला तिच्याकडे काही उरत नव्हतं. त्यांचा वाटा त्यांच्या ताटात शेवटच्या अष्टमांशापर्यंत मोजून पडलेला असायचा. आता चतकोर म्हणायची सोय नव्हती, एक चतुर्थांश म्हणायचं. नितकोर म्हटलं की मास्तर चिडायचे.

त्याच साली लढाई झाली आणि देशाने सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडावं अशी हाक आली. मास्तरांनी ती मनोभावे पाळली. सोमवारी संध्याकाळी ते ओट्यावर बसून लोकांना सांगायचे की एक वेळ सोडल्याने माणूस मरत नाही. सावित्रा तिथेच उंबऱ्यात तांदूळ निवडत असायची. तिने सगळा आठवडा सोडला होता, पण ते कुणाच्या देशभक्तीत जमा झालं नाही.

दिवाळीपर्यंत तिच्या बांगड्या मनगट सोडून कोपराकडे सरकू लागल्या. एकदा सकाळी नळावर हंडा उचलताना तिला घेरी आली. हंडा पडला, ती पडली, पाणी सगळीकडे. आम्ही दोघी-तिघींनी तिला बसवलं. तोंडावर पाणी मारलं. कुणी म्हणालं, दिवस गेले असतील. कुणी म्हणालं, पित्त असेल. पोटात अन्न नसेल असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण नवरा पगारदार, मास्तर, घरात तीन पोरं धडधाकट. मी मात्र भिंतीपलीकडची. मी तिला घरात नेलं आणि भाकरी-पिठलं पुढे ठेवलं. तिने दोन घास घेतले आणि उरलेली भाकरी पदरात बांधली. म्हणाली, "धाकल्या इटूला द्येते, त्याला सकाळधरनं भूक हाय."

माझा संताप अनावर झाला. त्या दिवसापासून मी संध्याकाळी एक भाकरी जादा थापून तिच्याकडे पाठवायला लागले. तिसऱ्याच दिवशी भिंतीवरून आवाज आला, "आज भाकऱ्या सहा, वर रतनमावशींकडून आलेली एक. एकूण सात. चौघांत?"

माझी भाकरीसुद्धा त्या माणसाने गणितात घातली. मी तशीच कात्री हातात घेऊन त्यांच्या दारात गेले.

"मास्तर," मी म्हणाले, "ही भाकरी तुमच्या उदाहरणासाठी नाही पाठवली. सावित्रासाठी पाठवली."

"असं होय," ते म्हणाले. अगदी शांतपणे. "मग तिने सांगायला हवं होतं."

"तिने कशाला सांगायला हवं? घरात माणसं किती? चार की पाच?"

"पाच."

"मग तुमच्या गणितात चारच कशी?"

तेव्हा मास्तरांनी मला समजावून सांगितलं. राग नाही, चिडचिड नाही. वर्गात बोलतात तसं. म्हणाले, "रतनबाई, त्याला कारण आहे. सुरुवातीला छेद सुटसुटीत हवा. दोन, चार, आठ. भाकरी मोडली की अर्धी, अर्धी मोडली की पाव. पाच ठिकाणी भाकरी नीट मोडत नाही, मुलांच्या मनात घोळ होतो. पाचाचा छेद चौथीला नाही. तो पाचवीला येईल."

"आणि तोवर सावित्रा?"

"ती काय, आतच असते. चुलीपाशी काही ना काही असतंच."

एवढं शांतपणे बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही. मी घरी आले. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? दुसऱ्याच्या घरातलं आहे." दुसऱ्याच्या घरातलं खरं, पण भिंत आढ्याला पोचत नव्हती हे त्यांनाही दिसत होतं. मग मी सावित्राला गाठलं आणि मास्तरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"पाचवीत गेल्यावर व्हय?" तिने विचारलं.

"असं म्हणाले."

"म्हंजी जूनमधी." ती चुलीतलं लाकूड आत-बाहेर करत राहिली. "ह्यांनी मला वगाळलं, ते इसरून न्हाई तर. मला वाटलं इसरून वगाळलं."

तो घाव कुठे बसला ते मला तेव्हा कळलं. मास्तर विसरले असते तर आठवण करून देता आली असती. इथे तिला मुद्दाम, विचार करून, उदाहरण सोपं व्हावं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मास्तरांच्या भाकरीची कीर्ती तोवर शाळेबाहेर गेली होती. माघात एका रविवारी वडगावहून शिक्षण खात्याचे एक साहेब दुपारच्या जेवणाला यायचे ठरले. पद्धत प्रत्यक्ष बघायची होती. मास्तरांचे पाय जमिनीला लागेनात. खोली सारवून घेतली, पोरांचे सदरे मी धुऊन इस्त्री केले, आणि सावित्राने भावाला निरोप धाडून कुठून तरी पायलीभर तांदूळ मिळवले. साहेबाला मिलोची भाकरी कशी घालायची? सकाळी तिने मला हाक मारली, म्हणून मी तिच्या चुलीपाशी होते. ती थापत होती, मी भाजत होते. तांदळाची पांढरी भाकरी कित्येक महिन्यांनी तव्यावर फुगत होती आणि तिच्या वासाने माझंही पोट खवळलं. सावित्राने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं.

साहेब आले. मवाळ, चष्म्याचे, फारसं न बोलणारे. पाटावर बसले. शेजारी मास्तर, समोर तिघं पोरं. मी स्वयंपाकाच्या आडोशातून बघत होते. दुरडीतली सगळ्यात मोठी भाकरी मास्तरांनी रिकाम्या ताटात ठेवली आणि सुऱ्याच्या टोकाने तिच्या काठावर बारीक खुणा केल्या.

"गोरख, आज पंगतीला किती जण?"

"पाच."

"एक भाकरी, पाच जण. प्रत्येकाला?"

"एक पंचमांश."

"दाखव."

गोरखने खुणांवरून भाकरी कापली. पाच तुकडे, अगदी सारखे. साहेब म्हणाले, "वा." मास्तर म्हणाले, "चौथीच्या मुलाला हे जमतं, साहेब. मनावर घेतलं की सगळं जमतं."

सावित्राचे हात परातीत थांबले. माझ्याकडे बघितलं तिने. पाच ठिकाणी भाकरी मोडत नाही म्हणे! पाचाचा छेद चौथीला नाही म्हणे! वडगावहून साहेब आला आणि तो छेद चौथीत आला, खुणा करून आला, सारखे तुकडे पडले. बायकोसाठी तो पाचवीत जाऊन बसला होता.

तिने पिठाचे हात धुतले. पदराला पुसले. फळीवरची आपली ताटली घेतली, बाहेर गेली आणि येसूला थोडं सरकवून पंगतीत बसली. पाट नव्हता, तशीच जमिनीवर.

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "काय हवंय?"

"जेवाया बसले."

"सावित्रा, साहेब आहेत."

"हायेत की. त्यांना बसू द्या, मी कुटं उटवते?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी म्हनला पाच ठिकानी भाकर मोडत न्हाई. पाचवीत गेल्यावर मोडंल. आज साहेब आलं तर चौथीतच मोडली. मंग मला धराया काय हुतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि शेवटी म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." जणू हाही पद्धतीचाच एक भाग होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. शिकलेला माणूस, पण तोंडातून एवढंच निघालं.

मास्तरांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, "आता भाकरी कापून झाली. पाचच तुकडे आहेत."

"ती ऱ्हाऊ द्या. दुसरी घ्या," सावित्रा म्हणाली.

मी तव्यावरची भाकरी उचलली, तशीच चटके सोसत बाहेर नेली आणि ताटात टाकली. बोटं भाजली, पण त्या दिवशी त्याचं मला काही वाटलं नाही. गोरखने भाकरीकडे बघितलं, मग आईकडे. पोराला गणिताचा भारी नाद. आजूबाजूला काय चाललंय ते त्याला कितपत कळलं कोण जाणे, पण त्याचा चेहरा उजळला.

"बाबा, सहा तर पाचापेक्षा सोपं आहे," तो म्हणाला. "आधी अर्धी करायची, मग एकेका अर्धीचे तीन-तीन. खुणासुद्धा नकोत."

आणि त्याने केलं. सहावा भाग आईच्या ताटलीत ठेवला. तिने त्यावर कालवण घेतलं आणि नवरा, साहेब, पोरं यांच्यापैकी कुणीही घास उचलायच्या आधी जेवायला सुरुवात केली. भरभर नाही, सावकाश. तो तुकडा संपल्यावर तिने हात पुढे केला, गोरखने पुढची भाकरी मोडली. मी आत भाजत राहिले. पिठाचा शेवटचा गोळा संपला तेव्हा साहेबांचं आटोपलं होतं, ती अजून जेवत होती.

साहेबांना स्टेशनवर पोचवायला मास्तर गेले. दारातून बाहेर पडताना त्यांनी साहेबांना हळूच सांगितलं, "खेड्यातली आहे. समज कमी." मी ते ऐकलं. सावित्रानेही ऐकलं. ती ताटं उचलत होती. म्हणाली, "व्हय, कमीच हाय. म्हनून तर इतकं दिस उपाशी ऱ्हायले की."

त्यानंतर ती रोज पंगतीला बसायला लागली. भाकऱ्या थापून झाल्या की दुरडी स्वतः घेऊन यायची आणि दुरडीबरोबर बसायची. मास्तरांनी काही दिवस अबोला धरला, घरातली शाळा बंद ठेवली. मुकाट्याने जेवायचे. पण शिकवायचा नाद माणसाला सुटत नाही. एका संध्याकाळी परत आवाज आला, "भाकऱ्या सहा, माणसं पाच." मी भिंतीशी मशीन चालवत होते, ते तसंच चालू ठेवलं. पुढे तर त्यांनी इतर शिक्षकांना सांगायला सुरुवात केली, की पाचाचा छेद चौथीलाच शिकवावा, मुलांना जमतो, मी घरी करून पाहिलं आहे. सत्काराच्या दिवशी एका वक्त्याने त्याचाही गौरव केला. माझं मनगट सावित्राने धरलं ते त्याच वेळी.

त्या वर्षीची वार्षिक परीक्षा एप्रिलात झाली. दुपारी येसू पाटी छातीशी धरून आमच्या दारात आली, सावित्रा तिच्या मागे. मास्तरांच्या ठसठशीत खडूची फुली पाटीभर होती.

"मावशी, माझं गणित चुकलं," येसू म्हणाली. पोरगी रडत वगैरे नव्हती.

"मावशीला वाचून दाव," सावित्रा म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते तिने आधीच पोरीकडून ऐकलेलं होतं, कारण तिला हसू आवरत नव्हतं. कित्येक महिन्यांनी ते चाळीच्या टोकापर्यंत गेलं.

येसूने वाचलं. अठरा बोरं पाच मुलांना वाटली, तर भाग किती, बाकी किती? खाली तिचं उत्तर होतं.

भाग तीन. बाकी नाही. आई जेवायला बसली.